भागीकाकीच्या खाणावळीचा बोर्ड

माझ्या अंगावर मांस कधी चढलं नाही. किस्से मात्र चढत गेले! जाड माणसाला कोणी तोंडावर जाड म्हणत नाही, निदान तो मास्तर असेल तर नाहीच. बारीक माणूस म्हणजे मात्र सार्वजनिक मालमत्ता. रस्त्यातला कोणीही थांबतो, दंड चाचपतो आणि विचारतो, "काय रे, जेवतंस मां?" मालवणात मी इतकी वर्षं मास्तरकी केली, पण "कसा आहेस" असं मला कोणी विचारल्याचं आठवत नाही. अजूनही दोस्तमंडळी जमली की म्हणतात, ते खाणावळीतलं सांग. सांगतो. फक्त माझ्यापुढे चिवड्याची बशी ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसू नका, एवढीच अट!

*

मी मूळचा खारेपाटणचा. मालवणच्या हायस्कुलात गणित शिकवायला लागलो आणि भागीकाकीच्या खाणावळीत जेवायला जाऊ लागलो. काकी विधवा बाई. एकटीच्या दोन हातांवर तिने खाणावळ चालवलेली. पहिल्या दिवशी तिने मला दारातच पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पदर खोचला.

"चतुर्थीपर्यंत थांब. तुझी आवस तुका वळखूची नाय!"

चतुर्थीला घरी गेलो. आईने लांबूनच ओळखलं! वर कपाळाला हात लावला. "खंयच्या खाणावळीत जेवतंस रे? ती बाई तुका उपाशी ठेवता की काय?"

हे घरातल्या घरात राहिलं असतं तर भागलं असतं. पण निघताना आई मला एस.टी.पर्यंत सोडायला आली आणि तेच वाक्य तिने भर रस्त्यात पुन्हा म्हटलं. ऐकायला कंडक्टर उभा होता. आणि तो कंडक्टर मालवणात मुक्कामाला असला की जेवायचा कोणाकडे? भागीकाकीकडे!

त्या रात्री माझ्या ताटात भाताचा डोंगर आला. "माझी अब्रू खारेपाटणपर्यंत गेली," काकी म्हणाली. "खा!"

*

पंगतीत कायमचे असे आम्ही तिघे. एक मी. दुसरे सामंत, एस.टी.तले कंट्रोलर, ऐसपैस माणूस, काकीचा अभिमान. तिसरा पेडणेकर, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. त्याचा औषधावर भलता विश्वास.

त्याने माझ्यासाठी मोरी माशाच्या काळजाचं तेल आणलं. "सकाळी एक चमचा. दोन महिन्यांत पैलवान होतलंस!"

मी नाक दाबून घेत राहिलो. वजन तसंच. वास मात्र अंगात असा मुरला की बाजारातली मांजरं माझ्यामागून चालायला लागली. मी वळून हाड्‌हाड् करायचो, ती तेवढ्यापुरती थांबायची. एकदा तर एक बोका थेट वर्गात आला आणि माझ्या खुर्चीखाली ठाण मांडून बसला. पाठोपाठ दुसरा. मी फळ्यावर त्रैराशिक मांडतोय आणि अख्खा वर्ग खुर्चीखाली बघतोय!

नेमके हेडमास्तर फेरीवर आले. दारात उभे राहून त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, ह्यांचीही हजेरी घेता का?"

*

खरी अडचण मी सगळ्यांना सांगून थकलो. माझी भूक उत्तम होती! पण कोणी बघायला लागलं की घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. इन्स्पेक्टर समोर उभे राहिले की हुशार पोरगं पाढा विसरतं ना, तसं. आणि इथे तर काकी पळी घेऊन समोर, डाव्या बाजूला कंपाउंडर, उजव्या बाजूला सामंत, आणि तिघांचं एकच पालुपद, "खा रे, खा!"

एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही बघू नका, मी खातो."

काकी म्हणाली, "बघलंय नाय तर खाल्लंस ता कळतला कसा?"

कपाळ!

सामंतांना माझी दया आली. जेवून परत जाताना ते हळूच म्हणाले, "मास्तरांनू, खरा सांगू? माझा पण पोट भरता. पण ती सगळ्यांका 'सामंतांक बघा' म्हणान सांगता. मगे हात थांबवूचो कसो?"

म्हणजे लोक बघतात म्हणून मला खाता येत नव्हतं, आणि लोक बघतात म्हणून त्यांना थांबता येत नव्हतं. आम्ही आपसांत तोड काढली. काकी चुलीकडे वळली की माझ्या ताटातला भात सामंतांच्या ताटात. माझं ताट रोज लख्ख! काकी खूश, मी खूश. सामंत धापा टाकत का होईना, पण शब्दाला जागत होते.

शिमग्याच्या सुमाराला काकी कमरेवर हात ठेवून आमच्या दोघांकडे बराच वेळ बघत राहिली.

"जेवता मास्तर, आणि अंगाक लागता सामंतांच्या! ह्या कसा काय?"

*

पुढे देशात धान्याची टंचाई आली आणि सोमवारी रात्री एक वेळ जेवू नका असं आवाहन झालं. मला वाटलं, चला, आठवड्यातून एक रात्र तरी सुटलो!

सोमवारी काकीने पंगत बंद ठेवली. सामंतांना दोन केळी देऊन वाटेला लावलं. मला मात्र मनगट धरून पाटावर बसवलं.

"काकी, सरकारने सांगितलंय," मी म्हटलं.

"सरकारान तुका अजून बघूक नाय! बघल्यान असता तर सांगितल्यान असता, मास्तराक सोडून बाकीच्यांनी उपास करा!"

*

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. मग तातू आला. मुंबईत हॉटेलात काम करून आलेल्या तातूने बरोबर काकीच्या समोर, गल्लीच्या पलीकडे खाणावळ उघडली. एस.टी.तून उतरलेली माणसं गल्लीत यायची, दोन्ही दारांतून आत डोकावायची. आमच्या दारातला पहिला पाट माझा. माणसं मला बघायची आणि तातूकडे वळायची.

एक दिवस एका पाहुण्याने बायकोला मोठ्याने सांगितलं, "गो, हयसर नको. ह्येंचो माणूस बघ कसो झालो हा तो!"

काकीने ते ऐकलं. त्या दुपारी टोप भरून भात उरला. बांगड्याचं तिखलं तसंच राहिलं. काकी उंबऱ्यावर बसली होती, आणि मी तिचे डोळे पहिल्यांदाच ओले बघितले.

"मास्तरा, लोक दारार बोर्ड लावतत. माझो बोर्ड तू आसस!"

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर संतापही आला. हाडं माझी, आईबापांकडून आलेली. त्यांचा जाब मी गल्लीला का द्यायचा?

*

काकी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिने ठरवलं, मास्तराचं वजन चारचौघांत करून दाखवायचं. बंदरावरच्या वखारीत खोबरं तोलायचा मोठा काटा होता. तिथे मला नेलं. निघताना तिने स्वतःच्या हाताने मला कोट घातला. वैशाखात! मी म्हटलं, उकडतंय. ती म्हणाली, "बंदरार वारो आसता." कोट जड लागला, पण मी मुकाट चाललो. तिच्याशी वाद घालायचं मी तोवर सोडून दिलं होतं.

एका पारड्यात मी, दुसऱ्यात खोबऱ्याची पोती. माझं पारडं झपकन खाली गेलं. वखारवाला चाट पडला. जमलेली माणसं माना डोलवायला लागली. काकीचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर वाटलं, खरंच वाढलो की काय आपण!

मी पारड्यातून उडी मारली आणि कोटाचा खिसा टर्रकन उसवला. शिशाच्या गोळ्या खळखळ करत वखारभर पसरल्या. गर्दीतला बाबल गाबीत पुढे झाला. मासे धरायचं त्याचं फेकजाळं, म्हणजे पाग, सकाळपासून गोळ्यांवाचून पडून होतं. त्याने एक गोळी उचलून उलटसुलट बघितली.

"काकी, ह्या माझ्या पागाचा शिसा! मास्तराक खंय बुडवूक व्हरतंस?"

*

बंदरावरून आल्यावर तिने माझा पाट दारातून उचलला आणि थेट मागच्या पडवीत, चुलीच्या पलीकडे टाकला. तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे.

"हयसर बस. कोणाक दिसा नको!"

इतका अपमान हेडमास्तरांनीही कधी केला नव्हता. मी रागाने ताट ओढलं आणि जेवायला लागलो. काकी भाकऱ्या थापण्यात गुंतलेली, तिची माझ्याकडे पाठ. कोणी बघत नाही, कोणी "खा" म्हणत नाही. आणि काय सांगू! घास सरसर उतरायला लागले. मी उठून स्वतःच भात घेतला. मग कालवण घेतलं. मग परत भात.

दोन आठवड्यांत माझ्या सदऱ्याची कॉलर बसायला लागली. इकडे टोपातला भात कमी पडायला लागला म्हणून काकीने सामंतांवर संशय घेतला. बिचारे शपथा घेत होते. शेवटी तिने दाराआडून पाळत ठेवली आणि मला टोपात पळी घालताना पकडलं.

तिला एवढा आनंद झाला की तिने मला ताटासकट उचलून बाहेर आणलं, पुन्हा दारातल्या पाटावर बसवलं आणि गल्लीला ओरडून सांगितलं, "येवा, बघा रे! मास्तर जेवता!"

गल्ली जमली. माझा घास तिथल्या तिथे अडकला.

"जेव मां!" काकी म्हणाली.

त्या दिवसानंतर पंधरा दिवसांत कॉलर पुन्हा ढिली झाली, आणि काकीने माझा पाट परत मागच्या पडवीत टाकला. डोकं फोडून घ्यावं की काय असं झालं मला!

*

आता शेवटचा.

खाडीवर पूल बांधायचं काम निघालं. एक ओव्हरसिअर आणि त्यांच्या हाताखालची बरीच माणसं मालवणात वस्तीला यायची होती. जेवायला कुठे बसायचं ते ओव्हरसिअरसाहेब स्वतः बघून ठरवणार, असं कळलं. ज्याच्याकडे बसतील त्याची ददात मिटली. काकीकडे तोवर पंगत अशी उरलीच नव्हती. ती मला म्हणाली, "हे लोक तातूकडे गेले तर मी चूल बंद करून जामसंड्याक भावाकडे जातंय. भावजयच्या हाताखाली भांडी घासूक."

त्यातच तातूने डाव टाकला. त्याने सामंतांना फुकट जेवायला बोलावलं. अट एकच, दारात बसायचं! सामंत गेले.

साहेब यायच्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे मागच्या पडवीत जाऊन बसलो. काकीने माझं ताट वाढलंच नाही.

"आज तू तातूकडे जेवूक जा," ती म्हणाली.

"काय?"

"पयल्या पाटार बस. सामंतांच्या बाजूक. आणि काय बोला नको."

मी गेलो. तातू गोंधळला, पण दारात आलेल्या माणसाला परत कसा पाठवणार? ताट आलं. खोटं कशाला सांगू, तातूचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण फक्कड होतं! पण माझ्या घासाकडे तातू बघतोय, सामंत बघतायत, आणि तेवढ्यात गल्लीतून ओव्हरसिअरसाहेब आपल्या माणसांसकट दारात उभे. सगळे बघायला लागले, आणि घास तोंडात फिरायला लागला.

साहेबांनी विचारलं, "काय हो, जेवण कसं आहे इथलं?"

चांगलं आहे असं मला मनापासून सांगायचं होतं. पण तोंड भरलेलं, घास खाली जाईना, वर येईना. डोळ्यांतून पाणी आलं.

"मास्तरांनू, सांगा मां!" तातू ओरडला. "बरा आसा म्हणान सांगा मां!"

मी नुसतीच मान हलवली, कशी हलली देव जाणे. साहेब माझ्या भरल्या ताटाकडे आणि डोळ्यांकडे बघून वळले आणि समोर काकीकडे गेले.

मी थोड्या वेळाने उठून काकीच्या मागच्या दाराने आत शिरलो. पुढे साहेबांची पंगत बसली होती, वाढायला आज कंपाउंडर होता. काकी चुलीशी होती. तिने मान वर केली नाही. भिंतीकडे तोंड केलेला माझा पाट, पुढे वाढलेलं ताट. पोटात कावळे ओरडत होते. मी जेवायला लागलो. भात संपला, न वळताच "काकी, भात!" म्हटलं. भात आला. पुन्हा "काकी, कढी!" म्हटलं. कढी आली. वाटीला तोंड लावून मी ती शेवटच्या थेंबापर्यंत ओढली.

तेव्हा मागून आवाज आला, "अहो, हे तर तेच! समोर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता!"

मी वळलो. विहिरीवर हात धुवायला निघालेले साहेब, आणि त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं, उष्टे हात तसेच वर धरून माझ्याकडे बघत उभी होती.

"थयसर?" काकी भाकरी परतत म्हणाली. "थयसर खातलो कसो तो?"

साहेब खूश झाले. "ठरलं काकी! उद्यापासून दोन्ही वेळा आम्ही तुमच्याकडे. आणि पुढे नको, आमची पानं इथेच मांडा. मास्तरांच्या अगदी समोर!"