करंजीची कड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — दादालासुद्धा नाही. वहिनीला जाऊन महिना झाला. तुम्ही तिला ओळखत नव्हता, म्हणून कदाचित सांगायला जमेल.

सत्तरच्या आसपास मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. संध्याकाळी खिडकीशी बसून जर्नलात कोंबडीच्या गर्भाच्या आकृत्या काढायचो. नवी आलेली वहिनी माझ्या पेन्सिलींना ब्लेडनं टोक करून द्यायची — तसं बारीक टोक मला पुन्हा कुणी करून दिलं नाही.

एकदा तिला दाखवलं. मेंदू आणि मज्जारज्जू आधी नुसती सपाट पट्टी असते. मग कडा उचलतात, एकमेकींकडे वळतात, मिटतात, आणि नळी होते.

"अगंबाई, ही तर करंजी!" ती म्हणाली. "कड नीट दाबली नाही तर उघडी राहणार, भाऊजी."

कधी मिटते, ते तिनं विचारलं नाही. माणसात चौथ्या आठवड्यात — आईला धड चाहूल लागायच्या आत. हे मला पाठ होतं.

पुढच्या वर्षी वहिनीला सातवा महिना होता. दुपारी ग्रहण लागलं. आई देवापाशी डोळे मिटून जप करत होती. टोपलीत पेरू होते — वास घरभर.

"वहिनी, एक काप ना. ग्रहणबिहण काही नसतं गं."

"तुम्ही म्हणता म्हणून हं," ती हसली, आणि विळी ओढली.

बाळ जन्मलं, ते कमरेपाशी पाठ उघडी घेऊन. दोन दिवस जगलं. आईला विळीवरच्या बिया आठवल्या.

"कुणासाठी कापलास गं पेरू?"

मी दारातच होतो. वहिनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "मलाच खावासा वाटला," म्हणाली.

एका वाक्याचं काम होतं, नाही का? — आई, ती पाठ ग्रहणाच्या कितीतरी महिने आधीच उघडी राहिली होती. पेरू मागताना विज्ञान जिभेवर होतं. आता कुठे गेलं? पण बोललो असतो, तर पेरू कुणी मागितला तेही निघालं असतं. मी खिडकीशी जाऊन जर्नल उघडलं.

दुसऱ्या खेपेला आईनं ग्रहणाच्या दिवशी विळी कपाटात कुलपात ठेवली. मुलगी झाली, गुटगुटीत. "बघ, या वेळी पाळलंस ना?" आई म्हणाली. वहिनीनं मान हलवली. त्या दिवाळीला करंज्यांच्या कडा ती दोनदा दाबत होती — मी समोर बसून पाहत होतो.

गेल्या महिन्यात, अगदी शेवटी, ती मला म्हणाली, "पहिल्याचं माझ्याच हातून झालं हो, भाऊजी."

आई जाऊन तीस वर्षं झाली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.