धुकेराणी आणि माहेरची जीप

सासूबाईंनी मला उंदीर करून टाकायची धमकी दिली, तेव्हा मी मनापासून खूश झाले. त्यापायी माहेरची जीप दारात येऊन उभी राहिली, ही पुढची गोष्ट!

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी सहावीला शिकवते. यंदा शाळेच्या पुस्तकपेटीत मुलांसाठीची एक जादूची कादंबरी सापडली. मैना नावाची मुलगी विहिरीत डोकावता डोकावता पडते, ती थेट धुक्याच्या राज्यात! तिथली धुकेराणी प्रश्न विचारणाऱ्याचा उंदीर करून टाकते. (शिक्षिकेला असं राज्य चटकन आवडतं, हे मी नाकारत नाही.) भाजी करपेपर्यंत मी पुस्तक सोडलं नाही. ठरवलं, रोज शेवटच्या तासाला वर्गात एक प्रकरण वाचायचं!

मैना विहिरीत पडेपर्यंत वर्ग माझ्या मुठीत होता. पण धुकेराणी आली आणि जांभया सुरू झाल्या. मी तर जीव ओतून धमक्या देत होते! शेवटी पहिल्या बाकावरची साक्षी उठली.

"मॅडम, धुकेराणी तुमच्यावानीच बोलते काय?"

"का गं?"

"मंग तिले कोनी कायले भेईन?"

वर्ग फिदीफिदी हसला. खरंच आहे, माझा आवाज म्हणजे दुधातली साखर. हजेरी घेताना तिसऱ्या बाकाच्या पुढे तो पोचतच नाही.

घरी येऊन मी अंगणात सराव सुरू केला. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी सहन केलं.

"काय बडबड करून राह्यली वं?"

"धुकेराणी आहे आई. मैनाला घाबरवते आहे."

"हे भेवाडनं हाये? मले तं वाटलं, पाव्हन्याले चहा इचारून राह्यली! आन इकडं थे पुस्तक."

सासूबाई सातवी शिकलेल्या. आवाज म्हणाल तर शेतातली रानडुकरं हाकलून कमावलेला. त्यांनी चष्मा लावला, पदर खोचला आणि गर्जना केली, "कोन हाये थे सवाल करनारी? ये समोर! तुले उंदीर करीन, उंदीर! या घरातून जित्ती जाऊनच दाखव!"

(पुस्तकात 'या राजवाड्यातून' होतं. सासूबाईंनी वाचता वाचता त्याचं घर करून टाकलं.)

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! मीही लगेच मैना झाले. "सोडा मला! मला माझ्या आईकडे जाऊ द्या!" म्हणत हुंदके दिले.

"पुचाट रडली. जोरात रड!"

मी जोरात रडले. अशा दोन-तीन संध्याकाळी फार बहारीच्या गेल्या.

आमच्या भिंतीला भिंत लावून वेणूकाकू राहतात. मनानं लोण्यासारख्या. उडदाच्या पापडांवरून त्यांची माझ्या आईशी मैत्री झालेली. त्यांनी सरळ महागावला आईला फोन लावला, "ताई, पोरीचे हाल पाहवत नाहीत हो! सासू म्हनते जित्ती जाऊ देत नाही, आन पोरगी तुमच्या नावानं रडून राह्यली!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची कला ऐन भरात होती. सासूबाईंनी काळी घोंगडी पांघरून डोक्यावर मुकुट म्हणून टोपलं घातलं होतं. मैना कैदेत असल्यामुळे मला ओढणीनं ओसरीच्या खांबाला बांधलं होतं. (ही कल्पना माझीच!) सासूबाईंनी उलथनं उगारलं, मी हंबरडा फोडला, आणि फाटक उघडून बाबा, आई आणि मोठे मामा आत आले.

"बाबा, तुम्ही?" मी हसून म्हटलं. पण गालांवरून अभिनयाचं पाणी वाहत होतं!

आईनं धावत येऊन मला मिठी मारली. खांबासकट.

"अगं, हे पुस्तकातलं आहे," मी म्हटलं.

मामा म्हणाले, "सासूसमोर असंच बोला लागते बिचारीले."

"माझ्या सासूबाई फार चांगल्या आहेत हो!"

"किती भेदरली हो पोरगी!" आई कळवळली.

मी तोंड उघडलं की सासूबाईंवरचा आरोप आणखी पक्का व्हायचा. तेवढ्यात आमचे हे शेतातून आले. त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "अरे वा! आज बांधलं बी काय?"

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

सासूबाईंनी टोपलं काढून खाली ठेवलं. "मी हिले कधी एक वाकडा शबूद बोलली नाही हो," त्या म्हणाल्या. तो गडगडाटी आवाज पार बसला होता. त्यांचे डोळे भरले.

"बाबा! मामा! खाली बसा! कोणी बोलायचं नाही!"

हे मी ओरडले! सगळे मटकन खाली बसले. आमचे हेसुद्धा. सासूबाईंनी डोळे पुसता पुसता विचारलं, "हा आवाज शाळेत कुठी जाते वं?"

मी खांबावरूनच मानेनं ओसरीवरचं पुस्तक दाखवलं. "आई, वाचा."

त्यांनी वाचायला घेतलं. सुरुवातीला आवाज कापत होता, पण धुकेराणी रथातून उतरली तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. आईनं मामांचं मनगट घट्ट धरलं. बाबांच्या वर सारलेल्या बाह्या तशाच राहिल्या. मला सोडवायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही! प्रकरण संपलं, तेव्हा भिंतीवरून वेणूकाकूंचं डोकं वर आलं.

"मंग? मैनाचं काय झालं?"

आई हसता हसता रडायला लागली, आणि उठून सासूबाईंच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून मी सासूबाईंना वर्गात नेलं, घोंगडी-टोपल्यासकट. पहिल्या गर्जनेला साक्षी बाकाखाली शिरली आणि तिथूनच ओरडली, "आजी, अजून!" शाळा सुटली तरी एक मूल हललं नाही. मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेले बाबा आणि मामाही नाही.

मामा एवढे रंगले, की आपल्या नातींना ऐकवायला सासूबाईंना चार दिवस महागावला घेऊन गेले. मला न्यायला आलेली जीप सासूबाईंना घेऊन परतली. पुस्तकही त्यांच्याबरोबरच गेलं, शेवटचं प्रकरण बाकी असताना!

वर्गानं गलका केला. मग मी सासूबाईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन उंच धरून फळ्यापाशी उभी राहिले. मैना धुकेराणीसमोर आली, राणीनं हात उचलला, आणि नेमकी रेंज गेली! वर्ग हळहळला.

"थांबा, पुढचं मी सांगते," मी उत्साहानं म्हटलं.

साक्षी समजूतदारपणे उठून उभी राहिली. "नोको मॅडम, आमी रेंज येऊस्तोवर थांबतो."