लाल झेंड्याच्या हातभर अलीकडं

दौंडच्या रेल्वे कॉलनीतला म्हाळू गँगमन सरळ माणूस, पण एकदा डोक्यात काही बसलं की ते काढायला पहार लागायची. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात बसलं होतं, पोरीचं क्रिकेट बंद. पोरगी म्हणजे दीक्षा, कॉलेजात शिकणारी, पुण्याच्या एका क्लबाकडून खेळणारी. कारेगावचं स्थळ आलं होतं, मुलगा कंपनीत परमनंट. बायको पुतळाबाई म्हणाली, "बंद करा, पण आधी एकदा डोळ्यानं बघा तरी." तेवढ्यासाठी म्हाळू पोरींच्या संघाबरोबर एस्टीनं कोकणात उतरला. बघायचं आणि बंद म्हणायचं, बस्स.

समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. भीमेला पूर आलेला पाहिला होता, पण नदीला जायला दिशा तरी असते. हे पाणी येतंय का जातंय, काही पत्ता लागेना.

"ह्याचं टायमिंग कोण ठरवतं गं?" त्यानं दीक्षाला विचारलं.

"आबा, भरती-ओहोटी असती ती."

त्यानं मान हलवली. कळलं होतं डोंबल.

मैदान म्हणजे सुरूच्या झाडांपुढचा एक तुकडा, अर्धं गवत, अर्धी वाळू, कडेनं बारके लाल झेंडे रोवलेले. म्हाळू एका झेंड्याजवळ मांडी घालून बसला आणि त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. बॉल नुसता सोडून दिला तरी लोक टाळ्या वाजवत. आउट होऊन परत येणारीलाही टाळ्या. ओव्हर संपून पोरी इकडच्या तिकडं गेल्या, तेव्हा खेळ आटपला समजून हा चपला घालून उठला. शेजारच्या गावकरी म्हाताऱ्यानं त्याला खाली बसवलं. नुसतं बघायलाही एवढी अक्कल लागते, हे बायकोनं सांगितलंच नव्हतं. त्याला तिचा राग आला.

मग दीक्षा खेळायला आली. हेल्मेटमुळं तोंड दिसेना, चालीवरून त्यानं ओळखली. तिनं पहिलाच बॉल झाडांत घालवला आणि म्हाळूचा ऊर भरून आला. आपण बंद करायला आलोय आणि हे काय होतंय, त्याचं त्यालाच उमजेना.

शेवटचा बॉल राहिला, जिंकायला चार धावा. "झेंड्यापलीकडं गेला की झालं," म्हाताऱ्यानं समजावलं. म्हाळूला ते नीट कळलं होतं, हे इथं सांगून ठेवतो, नाहीतर लोक त्याला येडा म्हणतील.

दीक्षानं मारला. बॉल नेमका म्हाळूकडं निघाला, गवतातून वाळूत, घरंगळत. आता बघा, रूळ दुरुस्तीला उघडे असले की गँगमन लाईनीवर लाल झेंडा रोवतो. त्याच्यापुढं काही गेलं तर माणसं मरतात. सारी नोकरी तेच केलेल्या म्हाळूचा पाय त्याला न विचारता पुढं गेला, आणि झेंड्याच्या हातभर अलीकडं बॉल चपलेखाली दाबला गेला.

सगळं मैदान ओरडायला लागलं. अंपायर धावत आले. "काका, तुम्ही अडवला नसता तर गेला असता का?"

मागोमाग दीक्षा आली, हेल्मेट हातात. "आबा, काय असंल ते खरं सांगा."

हो म्हटलं की पोरगी जिंकत होती. म्हाळूनं वाळूकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"मंदावला व्हता, साहेब. गेला असता का थांबला असता, मला न्हाई सांगता येत. लाल झेंडा दिसला आन् पाय गेला."

दोन्ही अंपायर बराच वेळ बोलले आणि बॉल पुन्हा टाकायला लावला. त्यावर दीक्षाची दांडी उडाली आणि मॅच हातची गेली.

परतीच्या एस्टीत ती खिडकीशी बसली, हा शेजारी. ती बोलेल, भांडेल म्हणून म्हाळू वाट बघत राहिला. त्याला लाज वाटत होती. घाट चढल्यावर ती म्हणाली, "आबा, कारेगावला काय कळवायचं ते कळवा. तुमचं बघून झालंय."

म्हाळूनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"झालंय कुठं? मला त्यातलं काय बी कळलं न्हाई. न कळलेलं बंद कसं करायचं?" मग त्यानं विचारलं, "पुढची म्याच कवा हाय?"

"पुढच्या महिन्यात. पुण्यात."

"मग येतो. झेंड्यापासनं लांब बसव मला."

दीक्षानं तोंड खिडकीकडं फिरवलं. तिचे खांदे हलत होते. पोरगी हसतेय का रडतेय, तेही म्हाळूला कळेना.