मराठी बोलणारा चोर

राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत चोर आला तो सकाळी दहाला, आणि तो मराठी बोलत होता. आईच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती.

इंदूरमध्ये तीन पिढ्या काढूनही आमच्या घराला एक खोड आहे. बँकेत, दवाखान्यात, कुठेही कुणी मराठी बोललं की आम्ही विरघळतो. आई तर सगळ्यांच्या पुढे. एकदा देवळाच्या रांगेत भेटलेल्या सांगलीच्या जोडप्याला ती थेट घरी जेवायला घेऊन आली. त्या बिचाऱ्यांना उज्जैनची बस पकडायची होती, हे वरण-भात वाढून झाल्यावर कळलं.

त्या दिवशी ती दारापुढच्या ओट्यावर मटार सोलत बसली होती. मोटारसायकलवरच्या माणसाने हेल्मेट न काढताच विचारलं, "काकू, ते शाळेतले सर इथेच राहतात ना हो?" आईने मटार बाजूला ठेवून फाटक उघडलं. शेजारच्यांचा फोन आला म्हणून मी कामावरून धावत घरी पोचले, तेव्हा बाबांनी तिला साठीला केलेली साखळी गेली होती आणि मानेवर लाल ओरखडा होता.

चौकीतला हवालदार भला माणूस होता. त्याने आधी चहा मागवला, मग वही उघडली.

"माताजी, हुलिया बताइए."

"मराठी बोल रहा था."

"और?"

"अच्छी मराठी बोल रहा था."

याच्यापुढे वर्णन काही सरकेना. घरी येताना रिक्षात मी तिच्यावर तडकले. ओरखडा मानेच्या मागच्या बाजूला होता, म्हणजे तिने त्याच्याकडे पाठ केली होती. "अनोळखी माणसाकडे कुणी पाठ करतं का?" हे मी इतक्यांदा विचारलं की शेवटी रिक्षावालाही मागे वळून बघायला लागला. माझी काळजी ओरडूनच बाहेर पडते, त्याला मी तरी काय करू!

गल्लीने मात्र आईला फार जपलं. संध्याकाळी समोरच्या भाभी कचोऱ्या घेऊन आल्या. आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी म्हणजे सगळ्यांचे भिया, इंदुरी बोलीतले भैया. त्यांनी आठवड्यात दोन कॅमेरे बसवले आणि घरोघरी एकेक शिट्टी वाटली. "काकूजी, कोणी अनजान आलं की सीधी शिट्टी वाजवायची. बाकी अपन देख लेंगे," असं त्यांनी आईला बजावलं.

आईने शिट्टी गळ्यात घातली आणि जाळीच्या दाराला आतून कुलूप लावलं. ओट्यावर बसणं बंद झालं. भाजीवालीशीसुद्धा ती जाळीतून बोलायची. आणि कुणी मराठीत हाक मारली, की जाळीशीही न येता आतल्या खोलीत निघून जायची. मला ते बघवत नव्हतं. माझी आई अख्ख्या गल्लीची खबर ठेवणारी बाई होती हो.

असे तीन महिने गेले. एका रविवारी सकाळी पोह्यांवर शेव किती घालावी यावरून आमची जोरदार जुंपली होती. तेवढ्यात दाराशी आवाज आला, "काकू, थोडं विरजण मिळेल का?"

मी हातातली बशी ठेवेपर्यंत आईने शिट्टी फुंकली होती. भिया अर्धी दाढी केलेले, साबणाच्या फेसासकट क्रिकेटची बॅट घेऊन धावले. समोरच्या भाभींच्या हातात लाटणं होतं. दोन मिनिटांत सगळी गल्ली आमच्या फाटकाशी जमली, आणि मधोमध वाटी धरून उभी होती पंचविशीतली एक मुलगी. मागच्याच गल्लीत नाशिकहून भाड्याने राहायला आलेली. ती आता रडायच्या बेतात होती.

"मी फक्त विरजण मागायला आले हो," ती म्हणाली. "रोज भाजीला जाताना ऐकते, तुम्ही दोघी मराठीत भांडत असता. इथे आल्यापासून नवऱ्याशिवाय कुणाशी मराठी बोललेच नाहीये." आणि तिला रडूच फुटलं.

भिया ओशाळून बॅट पाठीमागे लपवू लागले. आईने माझ्याकडे किल्ली मागितली नाही, स्वतःच्या कमरेची काढली. कुलूप उघडायला तिला बराच वेळ लागला. तिने मुलीला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाली, "दही काढ."

मी स्वयंपाकघरात असताना बाहेर आईच्या रडण्याचा आवाज आला. चौकीत ती रडली नव्हती, घरी कधी रडली नव्हती. आता त्या अनोळखी पोरीला ती सांगत होती, "अगं, उन्हातून आला होता. साताऱ्याचा आहे म्हणाला. मी त्याच्यासाठी पाणी आणायला वळले गं."

तीन महिने तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी रागावेन म्हणून. आणि मी खरंच रागावले असते.