आईला चालवण्याचा प्रोजेक्ट

आईच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मंचरच्या दवाखान्यात आम्ही चारही भावंडं जमलो खरी, पण एका बाकावर कोणी बसेना. मी थोरली. मधला भाऊ कळंबला घर आणि मळा सांभाळतो, आई त्याच्याकडेच. बहीण नारायणगावात दिलेली, धाकटा पुण्यात. वडील गेल्यावर वाटणीवरून आमची अशी जुंपली होती की एकमेकांच्या घरचा चहासुद्धा बंद. डॉक्टर म्हणाले, "रोज व्यायाम करून घेतला तर चालतील. घरच्यांनी मनावर घ्यायला हवं."

मनावर घेणं हा तर माझा धंदाच. चाकणच्या कंपनीत मी माणसं हाकते. कुठलंही काम आलं की आधी ध्येय एका ओळीत लिहायचं, मग कामाचे तुकडे पाडायचे, तुकड्यागणिक एक चिठ्ठी करायची आणि ती बोर्डावर डकवायची. ऑफिसातला जुना पांढरा बोर्ड मागून आणला आणि आईच्या खाटेसमोर भिंतीला ठोकला. वर लिहिलं, 'दिवाळीला आई स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत.' खाली तीन रकाने: करायचं, चालू, झालं. ज्याचं काम त्याच्या रंगाची चिठ्ठी. आईला वाचता येत नाही, म्हणून बहिणीनं चिठ्ठ्यांवर चित्रं काढली. मुठीत दाबायचा चेंडू, उंबरा, गोठा, शेवटी विहीर. हिरवा रंग मधल्याला दिला म्हणून धाकटा रुसून बसला. चाळिशी उलटलेला घोडा, पण रुसला.

दर रविवारी सगळ्यांनी यायचं, बोर्डापुढे उभं राहून कोणाचं काय झालं ते सांगायचं, हा माझा नियम. मधल्याच्या बायकोनं पहिल्याच रविवारी मला टोकलं.

"वन्सं, तुमच्या कंपनीत खुर्च्या न्हाईत का?"

"बसलं की माणसं गप्पा मारत बसतात."

"मंग मारू द्या की. कितीक वर्सांनी तोंडं उघडलीत."

मी काय ऐकते? पण दोन-तीन रविवार गेले आणि मीटिंग आपोआप जेवणाच्या पंगतीत जाऊन बसली. धाकटा आईचे पाय चोळता चोळता मधल्याला टोमॅटोचा भाव विचारायला लागला. बहीण घरून कालवण आणायची. आईचं वाकडं झालेलं तोंड हळूहळू सरळ झालं आणि तीच आम्हाला दटावायला लागली. उंबरा ओलांडला, त्या दिवशी तिनं ती चिठ्ठी स्वतःच्या हातानं 'झालं'मध्ये लावली. मग अंगण झालं, गोठा झाला. मला इतका अभिमान वाटत होता म्हणून सांगू, ऑफिसात मी येईल त्याला बोर्डाचे फोटो दाखवत होते.

भाऊबीजेला ती काठी टेकत विहिरीपर्यंत गेली. वाटेत दोनदा थांबली, पण कोणाचा हात धरला नाही. मधला भाऊ तर हमसून हमसून रडला. विहिरीची चिठ्ठी सरकली, आम्ही टाळ्या वाजवल्या, मी म्हटलं, "चला, प्रोजेक्ट क्लोज." संध्याकाळी बोर्ड पुसला, गाडीत टाकला आणि ऑफिसात परत नेऊन दिला. काम संपलं की टीम सुटते, तसं आमचंही झालं. पुढच्या रविवारी धाकट्याची ड्युटी निघाली. बहिणीच्या मुलांच्या परीक्षा आल्या. मला नवीन काम लागलं. भांडण कसलंच नव्हतं, नुसतं येणं राहून गेलं. फोनवर एकच प्रश्न विचारायचा, आई चालते ना? चालते म्हटलं की झालं.

संक्रांत होऊन गेली आणि आईबद्दल सांगायला भावजयीचा फोन आला. "आत्याबाई उठतच न्हाईत. जेवणबी खाटेवरच." डॉक्टरांनी तपासलं होतं, नवीन काही बिघडलेलं नव्हतं. मी तणतणत गेले. एवढी मेहनत मातीत घालतेस का, म्हणून तिला नको नको ते बोलले. पाय धड आहेत, ऊठ म्हटलं.

"चालत नव्हते तवा तुमी चौघं येत व्हता," ती म्हणाली. "चालाया लागले अन् सगळी गेला. मंग चालून जाऊ कुटं?"

मी तिथंच खाली बसले. तिथूनच तिघांना फोन लावले. मधला मळ्यातून पळतच आला, बाकीची दोघं अंधार पडायच्या आत पोचली. आईनं त्या दिवशी पोटभर भाकरी खाल्ली.

आता आम्ही दर रविवारी जातो. बोर्ड नाही, ध्येय नाही, नुसतं जातो. पण मधल्या दिवसांत तिचे गुडघे आखडले ते आखडलेच. व्यायाम शिकवणारी मुलगी सांगते की अजून वेळ गेलेली नाही, आजींनी जोर लावला तर उभ्या राहतील. आम्ही आईला शपथा घातल्या, पाया पडलो, तू चाललीस तरी आम्ही येणार म्हणून. ती हो हो म्हणते, आणि आम्ही धरून उभं करायला गेलो की अंग सोडून देते. तिचा मला राग येतो, आणि मग मीच तिचे गुडघे चोळत बसते. ती बरी झाली की आम्ही पुन्हा जाऊ, ही तिची भीती काही मला काढता आली नाही.