चुन्यातली नीळ

माझे बाबा चुना मारायचे, हे मी आजही मान ताठ करून सांगते. तिरोडा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्यासारखा कुंचा चालवणारा दुसरा नव्हता. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी बुद्धविहाराच्या भिंती निळ्या करायचं काम दर वर्षी त्यांचंच, आणि ते काम ते सेवा म्हणून करायचे.

बारावीचे पेपर संपवून त्या वर्षी मी रिकामी होते. घरात सायन्स शिकलेली मी पहिली, त्यामुळे अंगात जरा जास्तच आलं होतं. आईनं वरणात मीठ टाकलं तरी मी त्यावर व्याख्यान द्यायचे.

बाबांची पद्धत जुनी. चुना आदल्या दिवशी भिजवायचा, निळीची पूड फडक्यात बांधून ती पुरचुंडी पिंपात पिळायची आणि दर वेळी कुंचा बुडवण्याआधी काठीनं तळापासून ढवळायचं. ढवळायला विसरलं की नीळ खाली बसायची आणि भिंतीवर पट्टे उठायचे.

"बाबा, ही पूड पाण्यात विरघळतच नाही," मी म्हटलं. "त्यापेक्षा कपड्यांची बाटलीतली नीळ घ्या. ती विरघळते. ढवळायची कटकटच नको."

बाबांनी काठी बाजूला ठेवली. "तू शिकून राहिली, तं तुले जास्त समजते," म्हणाले आणि दुकानातून बाटल्या घेऊन आले.

भिंत अशी एकसारखी निळी झाली की मी विहारासमोरून उगाचच चार येरझारा घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिकट जांभळी दिसली, दुपारपर्यंत पांढुरकी झाली. जयंतीला दोन दिवस उरले होते, आजूबाजूच्या गावांतून लोक येणार होते. विहार समितीचे म्हातारे अध्यक्ष सगळ्यांदेखत बाबांना म्हणाले, "काऊन गा, पोरीच्या नादानं भिंत नासवलीस?"

"पोरीचं नाव घ्यायचं काम नाई," बाबा म्हणाले. "चुना म्या कालवला. चूक मायी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी दोन वाट्यांत चुन्याची निवळी घेतली. एकीत बाटलीतला रंग टाकला, दुसरीत पूड, आणि जेवायलाही न उठता बघत बसले. बाटलीतला रंग हळूहळू उडत गेला. पूड तळाशी जशीच्या तशी निळी राहिली.

पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन असतं, दुसरं किंचित ऋण. ती टोकं मिठाच्या कणांना ओढून सुटं करतात, म्हणून मीठ विरघळतं. निळीच्या पुडीतल्या कणांची आतली पकड पाण्याच्या ओढीपेक्षा घट्ट असते, म्हणून ती विरघळत नाही. एवढं मला पाठ होतं, समजलं मात्र त्या दिवशी. बाटलीतल्या रंगाचा रेणू न् रेणू पाण्यात सुटा झाला, म्हणूनच तो रंग खाणाऱ्या चुन्याच्या तावडीत सापडला. पुडीच्या कणात रंग आत कोंडलेला असतो, चुन्याला तिथं हात घालता येत नाही. ज्या गुणाला मी खोट म्हणत होते, त्याच गुणावर आमचा विहार वर्षभर निळा राहायचा.

मी वाट्या बाबांपुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुडीची वाटी उचलून उजेडात धरली. "तीस वर्षं मारून राहिलो," म्हणाले. "काऊन टिकते, थे कोणी सांगतलंच नाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरचुंडी पिळली. बाबांनी कुंचा धरला आणि मी काठी. दंड भरून आले, पण भिंतीवर एक पट्टा उठू दिला नाही.

जयंतीच्या सकाळी मी पाहुण्यांना सरबत देत फिरत होते. बाबा भिंतीपाशी उभे राहून बाहेरगावच्या लोकांना रंगवून सांगत होते की पाण्याच्या रेणूला दोन टोकं असतात. कोणतं टोक कोणाला ओढतं, याचा त्यांनी पार घोटाळा केला होता. दुसरं कोणी असतं तर मी तिथंच दुरुस्त केलं असतं. मी पुढच्या पाहुण्याला सरबत दिलं.

"येवढं कोणं सांगतलं तुमाले?" एकानं विचारलं.

अध्यक्ष शेजारीच उभे होते. बाबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बोट केलं.

"माया पोरीनं," ते म्हणाले. "आधी भिंत नासवली, मंग सांगतलं."