टाकीसाठी लावलेलं भांडण

सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला चिकटून आमचं गाव. मधे एक ओहळ, त्याच्या काठाला झरा. ओहळापलीकडे माझ्या लेकीचं सासर. उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या बायका त्या एकाच झऱ्यावर वाटीवाटीने हंडे भरतात. हद्द नेमकी कुठून जाते हे आम्ही कधी विचारलं नाही.

मग दोन्ही सरकारांनी ठरवलं, की हद्दीवरच्या गावांनी मिळून कामं करावीत, पैसा सरकार देईल. आम्ही झऱ्यावर टाकी आणि सौरपंप मागितला. माझे गुडघे गेलेत, झऱ्याशी बसून वाटीने हंडा भरणं आता होत नाही. टाकी मला हवीच होती. समितीत मला घेतलं, कारण एक बाई लागत होती आणि मी घरीच असते.

काम चांगलं कशाला म्हणायचं, हे ठरवायला अधिकारी आले. आम्हाला वाटलं, सिमेंटचं बोलतील. पण बरोबरच्या मॅडमनी सांगितलं, ज्या कामाने दोन गावांतलं सहकार्य वाढेल ते चांगलं.

"आणि टाकी गळली तर?" मी विचारलं.

"आजी, तो आपला निकष नाही."

मग त्यांनी विचारलं, सध्या दोन्ही गावांचे संबंध कसे आहेत? माझी विहीण उठली. तिचं तोंड सुटलं की आवरत नाही. "संबंध? अवो, यांची लेक आमच्या चुलीपाशी, आमची भाची यांच्या. कोणी मेलं तर खांदा द्यायला पहिले हेच येत्यात. एकच गाव हाय, साहेब!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांपुढे गोत मोठं करून सांगायचं, ही आमच्याकडची रीत. सोयरीक जुळवताना तेच करतो.

साहेबांचं तोंड उतरलं. सहकार्य आधीच एवढं असेल तर वाढणार कुठून? गुण मिळणार नाहीत, टाकी जाईल. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "पाण्यावरून थोडाफार वाद असेलच ना? तपासणीला दुसरे लोक येतील, त्यांना तो दिसू द्या."

आता भांडायचं कोणी? सगळ्यांची बोटं आम्हा विहिणींकडे. लग्नात विहिणींनी एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या असतात, आणि लेकीच्या लग्नात आम्ही दोघींनी मांडव गाजवला होता. मांडवातली शिवी कोणी घरी नेत नाही. एरवी आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो.

तपासणीवाले आले तशी विहिणीने माझी कळशी भिरकावली. "रांग मोडतीस व्हय गं?"

"तू कोण मला शिकवणारी? माझ्या लेकीच्या हातचं आयतं गिळतीस!"

"आयतं? नागलीची भाकर थापता येत नव्हती तिला! मी शिकवली. आईनं काय शिकवलं, तोंड चालवायला?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी तिच्या थोरल्या लेकाच्या दारूचा विषय काढला. मग लोकही हसायचे थांबले. झऱ्यावर मांडव नव्हता, हे दोघींनाही उशिरा कळलं.

तपासणीवाले मात्र खूश. टाकी मंजूर झाली. लाभ समान हवा म्हणून दोन बाजूंना दोन नळ, आणि मधे दोन्ही सरकारांची माणसापेक्षा उंच पाटी. विहीण तिच्या नळाला, मी माझ्या. पाटीमुळे एकमेकींचं तोंडही दिसायचं नाही. बोलणं बंदच होतं. मॅडमनी येऊन पाहिलं, रांग नाही, वाद नाही. सहकार्य वाढल्याचं लिहून, पाटीचा फोटो काढून गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात टाकी बुडातून गळायला लागली. सकाळी चढवलेलं पाणी दुपारपर्यंत ओहळात. तक्रार केली, तर म्हणाले, तुमचं काम उत्तम ठरलंय, त्यात दुरुस्ती कशी बसवणार? पाटीचा रंग अजून चकचकीत आहे.

बायका पुन्हा वाटी घेऊन झऱ्यावर. मीही गेले, बसत उठत. माझ्या पुढेच विहीण होती. तिने माझी कळशी ओढून घेतली, मला वाटलं पुन्हा फेकते. पण भरून माझ्यापुढे ठेवली.

"विहीणबाई, भाकरीचं मी खरंच बोलले व्हते," ती म्हणाली.

"मंग दारूचंबी खरंच," मी म्हटलं.